उभं पाणी

चर्चच्या कपाटात, कसर लागलेल्या वहीत
योएलचं नाव आहे : अकरा नोव्हेंबर, रविवार.
पाळक शीलवंतांनी कपाळावर तीन थेंब सोडले
आणि तो इतका रडला
की पेटीवाल्यानं गीत एक वाक्य आधीच सुरू केलं.

त्याआधी, इनासशी माझं ठरलं तेव्हा
मालवणच्या पाद्रीबाबांनी
माझा दाखला उजेडात धरून वाचला.
पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिन्ही नावं जागेवर.
'पाणी झालेलं आहे,' म्हणाले, 'परत नको.'
बाकी पुष्कळ जुळायचं होतं,
मरियेच्या तसबिरीखाली माझं पातळ बायबल,
त्यांचं सात पुस्तकांनी जाड.
पण पाणी जुळलं होतं. त्यावर घर उभं राहिलं.

आता योएल सव्वीसचा, रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात,
आणि फोनवर सांगतो, आई, मी बाप्तिस्मा घेतोय.
घेतोय? अरे, झालाय की.
तो गप्प. मग हळू : तेव्हा मी नव्हतो ना.
नव्हतास?
मग माझ्या मांडीवर कोण होतं?

त्याच्याबरोबर आला लिमावापांग,
तटरक्षक दलातला, मोकोकचुंगचा,
मराठी खलाशांकडून शिकलेला,
म्हणून 'कृपया' येत नाही, शिव्या सगळ्या येतात.
सोलकढी वाढता वाढता विचारलं :
तुम्ही बाप्तिस्ट म्हणजे नक्की कुठले?
माझ्या बाजूचे, की ह्यांच्या?
(आमच्याकडे बावतीस हे माणसाचं नाव असतं.
इनासचा काका बावतीस. मरेस्तोवर पोहायला शिकला नाही.)

तुमच्याच बाजूचे, लिमा म्हणाला. पुस्तक तेच, जाडीही तीच.
पण आम्हाला वरून हुकूम नाही.
प्रत्येक मंडळी आपली होडी, आपला तांडेल.
आणि तांडेल चुकला तर?
खलाशी हात वर करून बदलतात.
आणि बाळं?
बाळांना आशीर्वाद. पाणी ज्याचं त्यानं मागायचं.

मी म्हटलं, दूध काय मागून घेतलं होतं त्यानं?
लिमाला उत्तर आलं नाही,
किंवा तेवढी मराठी आली नाही.

मांडवीच्या खाडीचं न्हानू गिरपला विचारावं लागतं.
'नवाक भरती पुरी. मगे धा मिन्टां
पाणी उबा रवता. ना आत, ना भायर.
तेवड्यात काय तां करून घेवा.'

पंधरा जण जमलो, त्यातले बाप्तिस्ट पाच.
पाद्रीबाबा आले नाहीत.
आमचे पाळक आले, पण वर पुलावरच थांबले
चपला हातात घेऊन.
उतरायचं होतं की नव्हतं, ते त्यांनाच माहीत.

योएल कमरेएवढ्या पाण्यात.
मंडळीनं नेमलेल्या लिमाचा
एक हात त्याच्या पाठीला, एक छातीवर,
आणि ऐकू आली तीच तीन नावं,
त्याच क्रमानं.

मग तो दिसेना.
तिथे नुसतं पाणी, चपटं,
वर खारफुटीचं एक पान, तेही जागचं हलत नव्हतं.
तो जन्मला आणि लगेच रडला नाही,
तेव्हा धरला होता तसा श्वास मी धरला.

वर आला खोकत, नाकातोंडातून खाडी गळत.
मी टॉवेल घेऊन गुडघाभर चिखलात.
आधी कपाळ पुसलं.
'आई, सगळंच ओलं आहे.'
माहीत आहे.
मी तिथूनच सुरू करते.

'परातला,' न्हानू म्हणाला. पाणी.

वहीतलं नाव मी खोडू देणार नव्हते.
खोडायला कुणी आलंही नाही.

घरी सासूबाई पायरीवर मासे साफ करत होत्या.
'सांजावाक आमचे पोरगे दरवर्षी बावीत उडये मारतत
जुवांवबाबाच्या नावान. बाव परसात आसा.
इतक्यासाठी खाडी कित्याक?'

योएल हसला. मीही.
लिमा मात्र उठून परसात गेला,
कठड्यावर ओणवा झाला,
आणि बराच वेळ आत बघत राहिला,
खोली मोजत.